हातीं केलेली तरफ

तरफेचा नियम फार जुना आहे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत आर्किमिडीजनें तो सिद्ध केला. टेकूच्या एका बाजूचें वजन व त्याचें टेकूपासूनचें अंतर यांचा गुणाकार दुसऱ्या बाजूच्या गुणाकाराइतका झाला, कीं तरफ समतोल राहते. विद्यार्थी हें वाक्य पाठ करतो, उदाहरणेंही सोडवितो. परंतु फळ्यावरील तरफेला वजन नसतें, आणि तेथेंच त्याचें ज्ञान अपुरें राहतें.

कोंकणांतील बागाइतदार पूर्वीं विहिरीवर पाणी काढण्यासाठीं लाट बसवीत. तिची लहान प्रतिकृति मुलांकडून करवून घ्यावी. उभ्या बेचक्यावर आडवी काठी, तिच्या लांब बाजूच्या टोकाला दोरी व डबा, आंखूड बाजूच्या टोकाला दगड, एवढीच तिची रचना. काठी ९० सेंटिमीटर घेऊन दगडाच्या टोकापासून ३० सेंटिमीटरवर टेकू द्यावा. १०० ग्रॅमच्या डब्यांत ५०० ग्रॅम पाणी घातलें, तर गणिताप्रमाणें १२०० ग्रॅमचा दगड तो तोलून धरील. मुलें दगड बांधतात, आणि डबा खालींच राहतो! गणित चुकलेलें नसतें. काठीच्या लांब बाजूचा स्वतःचा भार कोणी हिशेबांत धरलेला नसतो. आधीं नुसती काठी तोलण्यापुरता एक लहान दगड बांधला, कीं नियम बरोबर उतरतो.

मग दुसरी अडचण उभी राहते. भरलेला डबा आतां बोटानें वर येतो, परंतु रिकामा डबा खालीं ओढण्यास ५०० ग्रॅमइतका जोर लागतो. काठी तोलणारा दगड तसाच ठेवून मुलें मोठा दगड बदलीत जातात व ७०० ग्रॅमवर येतात. आतां रिकामा डबा खालीं नेण्यास २५० आणि भरलेला वर आणण्यासही २५० ग्रॅमचाच जोर पुरतो. श्रम नाहींसे झालेले नाहींत; ते दोन फेऱ्यांत सारखे वांटले गेले. दोर खालीं ओढतांना मनुष्याला स्वतःच्या शरीराचा भार उपयोगी पडतो. ते श्रम वर उचललेल्या दगडांत सांठतात आणि पाणी वर येतांना परत मिळतात.

पुस्तकांतील उदाहरण उत्तर आलें कीं संपतें. लाट मात्र अपुऱ्या हिशेबाला दाद देत नाहीं. ती कारण शोधावयास लावते. म्हणून काठीलाही वजन असतें, हें शिक्षकानें आधींच सांगून टाकूं नये.