खुंट उरला, कलम गेले

एखादी वनस्पती नामशेष झाली म्हणजे तिचे शेवटचे झाड मेले, असे आपण धरून चालतो. गुलाबाच्या वाणाचा हिशेब जरा वेगळा आहे. ‘ग्लॅडिएटर’ हा टपोरा लाल गुलाब १९५५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि पुढे महाराष्ट्रात शेतातल्या गुलाबाचे जणू दुसरे नावच होऊन बसला. त्याचे बी पेरले तर ग्लॅडिएटर उगवत नाही, भलतेच काही उगवते. म्हणून जगात आज जिथे जिथे ग्लॅडिएटर आहे, तिथे त्या एकाच मूळ झाडाचा तुकडा आहे; कुणीतरी त्याचा डोळा काढून दुसऱ्या झाडावर भरला म्हणून आलेला. डोळे भरणारे हात थांबले की वाण संपतो. आणि ते कुणाला कळतही नाही, कारण वाफ्यात शेजारी दुसरा लाल गुलाब फुललेला असतोच.

पिंपरी-चिंचवडमध्ये मी जुने गुलाब शोधतो म्हटल्यावर लोक हसतात. हसण्याचे कारण नाही. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी १९५४ साली पिंपरीत स्थापन झाली, औद्योगिक विकास महामंडळ १९६२ चे, आणि टेल्कोचा कारखाना साठच्या दशकातला. त्याच्या आवारात सुमंत मूळगावकरांनी तळे आणि झाडी उभी केली, हे पुणेकरांना ठाऊक आहे. कारखाना आला की वसाहत आली, वसाहतीत बैठी घरे, घरापुढे वाफा आणि वाफ्यात गुलाब. हीच ती वर्षे, जेव्हा जगभर ‘हायब्रिड टी’ गुलाबांची लाट होती. ‘पीस’ १९४५ चा, शेंदरी ‘सुपर स्टार’ १९६० चा. दिल्लीत डॉ. बी. पी. पाल गव्हाच्या संशोधनाबरोबर गुलाबाचे संकर करत होते. ‘दिल्ली प्रिन्सेस’, ‘रोझ शरबत’, पांढरा ‘डॉ. होमी भाभा’ ही त्यांची अपत्ये. ‘द रोझ इन इंडिया’ हे त्यांचे पुस्तक १९६६ साली आले. वाड्यातला किंवा देवळामागचा गुलाब जुना, आणि कारखान्याच्या वसाहतीतला नवा, असे आपण मानतो. पण साठ वर्षांपूर्वीच्या वाणाला आता जुनाच म्हणायला हवे.

अडचण अशी की त्यांची नावे गेली. पत्र्याच्या चकत्या गंजल्या, माळी निवृत्त झाले आणि रोपवाटिकांत गुलाब रंगावर विकला जाऊ लागला: लाल, पिवळा, दुरंगी. ‘दुरंगी’ या एका शब्दाखाली किती वाण गाडले गेले असतील, ते मोजता येणार नाही.

पण या शोधात मला सर्वांत जास्त वेळा जो गुलाब भेटला, तो कुणी मुद्दाम लावलेलाच नव्हता.

हे समजायला कलमाची रचना डोळ्यांसमोर हवी. गुलाबाचे रोप म्हणजे दोन झाडे असतात. खाली काटक मुळांचा खुंट, वर त्यावर डोळा भरून वाढवलेला शोभेचा वाण. खुंटाला जमिनीलगत फुटवे येतात, ते माळी काढून टाकतो. घर बंद पडले, माळी गेला, की हे फुटवे वाढतात. त्यात शेंडेमर लागली तर वरचा वाण फांद्यांच्या टोकांकडून खाली सुकत येतो आणि मरतो. खुंट जगतो. दोन वर्षांनी मालक येऊन म्हणतो, “अहो, पूर्वी पिवळी फुलं यायची, आता गुलाबी कशी येतात?” गुलाबाने रंग बदललेला नसतो. झाडच दुसरे असते.

भारतात जे गुलाब खुंट म्हणून वापरले गेले त्यांत एक आहे ‘एडवर्ड’. मूळ नाव एदुआर. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाचे जुने नाव बुर्बों. तिथे शेतांच्या कुंपणाला चिनी गुलाब आणि वर्षातून पुन्हा फुलणारा दमास्क गुलाब शेजारी शेजारी लावत. त्यांच्या आपोआप झालेल्या संकरातून हा गुलाब निघाला, अशी प्रचलित हकिगत आहे. १८१७ साली तिथे आलेल्या ब्रेओं या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचे बी फ्रान्सला पाठवले आणि त्यातून ‘बुर्बों’ गुलाबांचा सबंध वंश उभा राहिला. कोडाईकनालच्या गिरिजा आणि विरु वीरराघवन यांनी या गुलाबाच्या भारतातल्या वास्तव्याविषयी लिहिले आहे. तमिळनाडूत हारांत ओवला जाणारा ‘पनीर रोज’ तो हाच. तमिळमध्ये पन्नीर म्हणजे गुलाबपाणी. गंमत म्हणजे आपला ‘गुलाब’ही फारसीत पाणीच: गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. दोन्हीकडे फुलाला त्याच्या पाण्याचे नाव मिळाले.

नावांनी फसवणूकही होते. हिंदीत ‘सेवती’ म्हणजे पांढरा गुलाब, मराठीत ‘शेवंती’ हे सर्वस्वी वेगळे फूल. जुन्या बागेविषयी एखाद्या आजी “आमच्याकडं शेवंती होती” म्हणाल्या, तर आधी त्यांचे माहेर कुठले ते विचारावे.

ओळख पटवायची कशी? माळ्यांचा ठोकताळा आहे की पाच पानांची फांदी कलमाची, सात पानांची जंगली. तो विश्वासाचा नाही. कित्येक उत्तम वाणांना सात पर्णिका येतात, आणि या समजुतीपायी चांगल्या फांद्या छाटल्या गेल्या आहेत. फांदी डोळा भरलेल्या गाठीच्या वरून निघाली की खालून, एवढेच पाहावे. खालची असेल तर खुंट कोणता ते पाहायचे. देठाच्या बुडाशी असलेल्या उपपर्णांना झालर असेल आणि बारीक पांढऱ्या फुलांचे घोस येत असतील तर तो ‘मल्टिफ्लोरा’. गडद गुलाबी, भरगच्च, झुबक्याने येणारे, पुन्हा पुन्हा फुलणारे आणि हात लावताच सुगंध सोडणारे फूल असेल तर एडवर्डचा संशय घ्यावा. जनुकीय तपासणीने दोन झुडपे एकच आहेत का हे सांगता येते. नाव मात्र सांगता येत नाही, जोवर नावानिशी जपलेले झाड तुलनेला कुठेतरी उभे नसेल. जर्मनीत झांगरहाउझनला १९०३ पासून गुलाबांचे असे संग्रहालय आहे, आठ हजारांहून अधिक वाणांचे. कारखान्यांच्या वाफ्यांची अशी नोंदवही ठेवावी, असे कुणाला का सुचले असते?

तळेगावच्या फुलशेती उद्यानात आणि मावळातल्या पॉलिहाउसांत आज गुलाब अमाप आहे. फेब्रुवारीत तो परदेशी जातो. पण तो लांब दांड्याचा आणि फुलदाणीत टिकणारा. वासाची अपेक्षा त्याच्याकडून कुणी करत नाही. तिथला खुंट ‘नताल ब्रायर’. म्हणजे जमिनीखालचा गुलाबही बदलला. उद्या ती पॉलिहाउसे ओस पडली तर वर येईल तो एडवर्ड नसेल.

बर्म्युडा बेटावरच्या गुलाबप्रेमींनी नाव न कळलेल्या गुलाबांना ते जिथे सापडले त्या जागेचे नाव द्यायची रीत पाडली. मीही तेच करतो. माझ्या गच्चीत ‘संत तुकारामनगर, गडद गुलाबी’ आहे, ‘चिंचवडगाव, पांढरा’ आहे. पहिला एडवर्डच असावा, असे माझे मत आहे. त्याचे पेन्सिलीच्या जाडीचे, वीतभर लांबीचे फाटे पावसाळ्यात लावले तर स्वतःच्याच मुळांवर सहज लागतात. कलम नको, खुंट नको.

‘आकुर्डी, दुरंगी’ अजून गच्चीत आलेला नाही. पिवळ्या पाकळीची उलटी बाजू लाल असलेला तो गुलाब एका बैठ्या घराच्या कुंपणाशी उभा आहे, डोळा भरलेली गाठ अजून जिवंत आहे आणि तिच्या खालून तीन फुटवे जोमात आहेत. घराचा पुनर्विकास ठरला आहे. मालकीणबाईंनी दसऱ्यानंतरच्या छाटणीला बोलावले आहे. कात्री आणि ओले पोते तयार आहे. डोळे भरणारा माणूस शोधतो आहे.