सुगंध नको रे बाबा!

लिफ्टमध्ये कुणाचा डिओ दरवळला, की शिंका सुरू? नवं लोशन लावलं, की मानेवर खाज? मग खरेदीची सवय बदलाच.

आधी लेबल वाचा. 'अनसेंटेड' प्रॉडक्टमध्येही मूळ वास झाकायला सुगंधी द्रव्य असू शकतं. म्हणून 'फ्रॅग्रन्स-फ्री' घ्या. यादीत 'परफ्यूम' किंवा 'पार्फम' दिसलं, की बाटली परत शेल्फवर! त्या एका शब्दाआड अनेक रसायनं दडलेली असतात. युरोपात २००५ पासून २६ सुगंधी घटकांची नावं छापणं सक्तीचं झालं. २०२३ च्या नियमाने ही यादी ८० च्या वर नेली.

'नॅचरल' म्हणजे सेफ? छे! लॅव्हेंडर, संत्र्याच्या तेलांतले लिनालूल, लिमोनीन हवा लागून ॲलर्जी देऊ शकतात.

नवी क्रीम कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा, सात ते दहा दिवस लावून बघा. काही झालं नाही, तरच चेहऱ्याला. त्रास थांबतच नसेल, तर स्किन स्पेशालिस्टकडे पॅच टेस्ट करा. नेमकं काय सोसत नाही, ते कळतं. दम लागत असेल, तर मात्र थेट डॉक्टर गाठा.

आणि हो, शेजारच्या डेस्कवरच्या मैत्रिणीला मोकळेपणाने सांगा, 'परफ्यूम झकास आहे गं, पण मला सोसत नाही!'