ओल बुंध्याशी, तहान पानांशी

ठिबक चालू आहे, बुंध्याशी ओल आहे, तरी भर दुपारी मोसंबीची पाने आखडतात आणि वाटाण्याएवढी फळे सड्यासारखी खाली पडतात. एप्रिल-मे महिन्यात जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यातल्या बागांत हे दृश्य नवे नाही. पाणी कमी पडले असेल म्हणून ठिबकचा वेळ वाढवला जातो, तरी गळ थांबत नाही. कारण तूट जमिनीत नसते, हवेत असते.

गोदाकाठचा हा पट्टा काळ्या जमिनीचा, कापूस-उसाचा आणि मोसंबीचाही. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. 2012 च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या कितीतरी बागा वाळल्या, शेतकऱ्यांना उभ्या झाडांवर कुऱ्हाड चालवावी लागली. तेव्हा विहिरींना पाणी नव्हते. आज शेततळी आणि ठिबक आहे, म्हणून बाग जगते. पण ती फळ धरून ठेवेल की नाही, हे तापमान आणि आर्द्रता मिळून ठरवतात. या दोन्ही गोष्टी आपण वेगवेगळ्या वाचतो, झाड त्या एकत्रच सोसते.

20 अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत फार तर 17 ग्रॅम बाष्प मावते, 30 अंशांना 30 ग्रॅम आणि 40 अंशांना 51 ग्रॅम. हवामान वार्तापत्रात आर्द्रता 20 टक्के लिहिली, तर 30 अंशांना त्या हवेत आणखी सुमारे 24 ग्रॅम बाष्पाची जागा असते, 40 अंशांना 41 ग्रॅमची. टक्केवारी तीच, पण हवेची तहान दीडपटीहून अधिक. शास्त्रज्ञ तिला बाष्पदाबाची तूट म्हणतात आणि किलोपास्कलमध्ये मोजतात. मेमधल्या 40 अंश आणि 20 टक्क्यांच्या दुपारी ही तूट 6 च्या जवळ जाते. श्रावणात 28 अंश आणि 80 टक्के असताना ती पाऊण किलोपास्कल उरते. नेदरलँड्समधल्या काचघरांत टोमॅटो घेणारे किंवा कॅनडात परवान्याने बंदिस्त जागेत भांग पिकवणारे हीच तूट साधारण एक किलोपास्कलच्या आसपास ठेवण्यासाठी यंत्रे चालवतात. आपली मोसंबी उघड्यावर सहा किलोपास्कल सोसते.

सोसते म्हणजे काय करते? मोसंबीच्या पानाच्या खालच्या बाजूला सूक्ष्म पर्णरंध्रे असतात. त्यांतून पाणी बाहेर जाते आणि कार्बन डायऑक्साइड आत येतो. हवा फार कोरडी झाली की मुळे जितके पाणी वर चढवू शकतात त्यापेक्षा जास्त पाणी पाने गमावू लागतात. मग मुळाशी ओल असली तरी झाड पर्णरंध्रे मिटून घेते. पाणी वाचते, पण अन्न तयार होणे मंदावते. बाष्पीभवनाचा गारवा थांबल्याने उन्हातले पान भोवतालच्या हवेपेक्षाही तापते. त्यात झाड आणखी एक गोष्ट करते, जी लिंबूवर्गीय फळांत मोजून पाहिलेली आहे: ते दुपारी फळातले पाणी पानांकडे ओढते. फळ दिवसा किंचित आक्रसते, रात्री पुन्हा भरते. आंबिया बहाराचे, म्हणजे हिवाळा संपताना आलेल्या फुलोऱ्याचे, कोवळे फळ मार्च-एप्रिलात हा ताण फार दिवस झेलू शकत नाही. देठाशी पेशींचा एक पातळ थर सैल होतो आणि फळ गळते. फेब्रुवारीतच पारा चढला तर हे संकट फुलोऱ्यावरच येते.

दुपारी पाणी वाढवून या तहानेला फारसे उत्तर मिळत नाही. रात्री आणि पहाटे, तूट कमी असताना दिलेले पाणी मुळे निवांत उचलतात. आळ्यात उसाच्या पाचटाचे किंवा गव्हाच्या काडाचे आच्छादन आणि पश्चिम-दक्षिण बांधावर शेवरीचा दाट वारारोध, हे दोन उपाय मला सगळ्यात मोलाचे वाटतात. गरम वारा पानाभोवतालचे ओलसर हवेचे थर उडवून नेतो. तो अडला की झाडाला श्वास मिळतो.

सप्टेंबर-ऑक्टोबरात चित्र उलटते. फळ तोडणीला येत असते आणि रात्री हवेची तहान जवळपास संपलेली असते. समजा, दुपारी 32 अंश आणि आर्द्रता 50 टक्के आहे. त्याच हवेत बाष्प तेवढेच राहिले आणि रात्री पारा 20 अंशांवर उतरला, तर आर्द्रता 100 टक्क्यांवर जाते आणि पानांवर दव बसते. दुपारची नोंद पाहून कोणाला शंकाही येणार नाही, पण पान तासन्‌तास ओले असते. फायटोफ्थोरा या रोगकारकाला हेच हवे असते. त्याचे बीजाणू पाण्याच्या पातळ थरातून पोहत पुढे सरकतात. साचल्या पाण्याच्या काळ्या जमिनीत ते बुंध्याला डिंक्या लावतात. पावसाच्या शिंतोड्यांबरोबर उडून जमिनीलगतच्या फळांवर चढले, की फळे तपकिरी होऊन कुजतात आणि गळतात. सल काढणे, झाडाच्या पोटात वारा खेळेल अशी छाटणी, चर काढून पाण्याचा निचरा, बुंध्याला बोर्डो पेस्ट, पडलेली फळे वेचून खड्ड्यात पुरणे ही कामे म्हणूनच महत्त्वाची. यातली बरीचशी कामे पानांवरचा आणि मुळाशी साचणारा ओलावा घटवण्याचीच आहेत.

ही तहान मोजायला महाग यंत्र लागत नाही. साधे दोन तापमापक झाडाच्या सावलीत शेजारी टांगावेत. एकाच्या पाऱ्याच्या फुग्याला मलमलची चिंधी गुंडाळून तिचे टोक पाण्याच्या बाटलीत सोडावे. चिंधीतले पाणी उडते तसा तो तापमापक खाली येतो. मेच्या दुपारी कोरडा 40 आणि ओला 22 दाखवत असेल, म्हणजे अंतर 18 अंशांचे असेल, तर आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास समजावी. ऑक्टोबरच्या पहाटे दोन्ही सारखेच दिसले, तर झाड दवात भिजले आहे आणि कीड-रोग पाहणीची फेरी त्याच दिवशी मारायला हवी.

महसूल मंडळनिहाय बसवलेली महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रे तापमान आणि आर्द्रता नोंदवतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या ग्रामीण कृषी मौसम सेवेच्या पत्रिकेतही हे आकडे येतात. पण केंद्र मोकळ्या जागेत असते आणि दाट बागेतली हवा वेगळी असते, म्हणून झाडाखालचे तापमापक हवेतच. तरीही या पत्रिकेत तापमान आणि आर्द्रतेच्या शेजारी बाष्पदाबाच्या तुटीचाही एक रकाना यायला हवा. गणित दोन ओळींचे आहे आणि ते करायला लागणारे दोन्ही आकडे आधीच हाताशी आहेत.