पाणी ओतले, पण अंडी राहिली

पावसाळा सुरू झाला की शहरांमध्ये आरोग्य कर्मचारी दारोदार फिरू लागतात. ‘आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा’ हे त्यांचे सांगणे आता लहान मुलांनाही पाठ आहे. अनेक घरांत ते मनापासून पाळलेही जाते. बादल्या पालथ्या होतात, कुंडीखालच्या ताटल्या रिकाम्या होतात, माठाखालचे पाणी ओतले जाते. तरीही पुढच्या पावसानंतर त्याच ताटलीत पुन्हा अळ्या वळवळताना दिसतात. मग दोष शेजारच्या नाल्याला दिला जातो किंवा धूरफवारणी न करणाऱ्या महापालिकेला. खरे कारण बहुतेक वेळा त्या ताटलीच्या कडेलाच चिकटलेले असते.

डेंग्यू पसरवणारी एडिस इजिप्ती डासाची मादी अंडी थेट पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर आतल्या बाजूला ती एकेक अंडे चिकटवते. अंडे घातले तेव्हा पांढरे असते आणि काही तासांत काळे पडते. लांबी एक मिलिमीटरहून कमी. ओल्या कुंडीवर किंवा काळ्या पिंपावर ते डोळ्यांना दिसणे जवळजवळ अशक्यच. दिसले तरी धुळीचा कण वाटावा असे. दोन-तीन दिवसांत अंड्याच्या आत अळी तयार होते. त्यानंतर भांडे पूर्ण सुकले तरी आतली अळी मरत नाही, कित्येक महिने तग धरून राहते. पाणी पुन्हा त्या पातळीपर्यंत चढले की अंडे फुटते. काही अंडी पहिल्याच पाण्याला फुटतात, तर काही दुसऱ्या-तिसऱ्या वेळेची वाट पाहतात.

म्हणजे उन्हाळ्यात गच्चीवर कोरड्या पडलेल्या टायरमध्ये गेल्या पावसाळ्यातली अंडी असू शकतात. जूनच्या पहिल्या सरी त्यांना जागे करतात. पाणी ओतून दिल्याने त्या वेळच्या अळ्या मरतात, पण कडेची अंडी जागीच राहतात. म्हणून कोरड्या दिवसाचे खरे काम पाणी ओतल्यानंतर सुरू होते. भांड्याची आतली बाजू, विशेषतः पाण्याची रेघ उमटलेली जागा, काथ्याने किंवा ताठ ब्रशने खरवडून घासायची आणि मग भांडे धुऊन उन्हात पालथे घालायचे. घासलेले पाणी कोरड्या जमिनीवर किंवा मातीत ओतावे.

झाडाच्या ढोलीतून घरात

अंड्याचा हा चिवटपणा या डासाला त्याच्या मूळ घराने दिला आहे. एडिस इजिप्ती मूळचा आफ्रिकेतला. तिथल्या जंगलात तो झाडांच्या ढोलीत साचलेल्या पावसाच्या पाण्यात वाढत असे. कोरडे महिने काढता येतील असे अंडे ही तिथे जगण्याची अटच होती. पुढे जहाजांवरच्या पाण्याच्या पिंपांतून तो जगभर पोचला. माणसाच्या घरातले पिंप, रांजण, टाकी या सगळ्या त्याच्या दृष्टीने ढोलीच ठरल्या, आणि हळूहळू तो पुरता घरगुती झाला.

शहरातल्या इतर डासांपेक्षा त्याच्या सवयी वेगळ्या आहेत. गटारात आणि नाल्यात मोठ्या संख्येने वाढतो तो क्युलेक्स. तो रात्री गुणगुणत चावतो आणि हत्तीरोग पसरवू शकतो, पण डेंग्यू पसरवत नाही. एडिसला तुलनेने स्वच्छ, साचलेले पाणी लागते. तो दिवसा चावतो. सकाळी उजाडल्यानंतरचे काही तास आणि संध्याकाळी मावळतीपूर्वीचा वेळ हा त्याचा मुख्य काळ. पायांवर पांढरे पट्टे असतात आणि बहुधा तो घोट्यापाशी, पायांजवळ, आवाज न करता चावतो. जरा हालचाल झाली की उडून दुसऱ्या माणसाकडे जातो. त्यामुळे एकच बाधित मादी एका घरातल्या तिघा-चौघांना आजारी पाडू शकते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो फार लांब उडत नाही. बहुतेक एडिस डास जन्मल्या जागेपासून शे-दोनशे मीटरच्या आत आयुष्य काढतात. डेंग्यूचा डास घरात चावला असेल, तर तो त्याच घरात, शेजारच्या फ्लॅटमध्ये किंवा इमारतीच्या आवारात जन्मला असण्याची शक्यता मोठी असते. अंड्यापासून पूर्ण डास व्हायला पावसाळी हवेत साधारण सात ते दहा दिवस लागतात. आठवड्याच्या कोरड्या दिवसाचे गणित याच मुदतीवर बेतलेले आहे.

धूर कुठे कमी पडतो

रुग्ण सापडला की धूरफवारणीची मागणी होते. साथीच्या वेळी उडणारे बाधित डास कमी करण्यासाठी तिचा उपयोग आहे, पण तिची मर्यादाही स्पष्ट आहे. धूर फक्त उडत्या डासांना मारतो. अंडी, अळ्या आणि कोष यांच्यावर त्याचा परिणाम होत नाही. शिवाय एडिस विश्रांती घेतो तो पडद्यामागे, पलंगाखाली, कपाटाच्या सांदीत आणि टांगलेल्या कपड्यांमध्ये. रस्त्यावरून धुराची गाडी गेली की लोक खिडक्या लावून घेतात, म्हणजे ज्याच्यासाठी धूर सोडला तो डास आत सुरक्षित राहतो. आठवड्याभरात पिंपातून नवी पिढी बाहेर पडते.

पाण्याच्या भांड्यांवर लक्ष ठेवले तर काय होते, हे सव्वाशे वर्षांपूर्वी क्युबातल्या हवाना शहराने दाखवले. पीतज्वर हाच डास पसरवतो, हे 1900 मध्ये वॉल्टर रीड यांच्या पथकाने तिथे सिद्ध केले. पुढच्याच वर्षी विल्यम गोर्गस यांनी घरोघरी माणसे पाठवून पिंपे झाकायला लावली, साचलेले पाणी काढले आणि ऐकत नसलेल्यांना दंड केला. 1901 संपता संपता हवानातून पीतज्वर जवळजवळ नाहीसा झाला होता. त्या वेळी रोगावर लस नव्हती आणि आजची कीटकनाशकेही नव्हती. ब्राझीलने तर 1958 मध्ये एडिस इजिप्तीपासून मुक्त झाल्याची मान्यता मिळवली. नंतर शेजारच्या देशांमधून डास परत आला, दक्षता ढिली पडली आणि आज तो देश डेंग्यूच्या मोठ्या साथींना तोंड देतो आहे. हे काम एकदा करून संपत नाही, असा या दोन उदाहरणांचा अर्थ आहे.

महाराष्ट्राचा अनुभवही याच डासाभोवती फिरतो. 1973 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत चिकुनगुनियाची मोठी साथ आली होती. त्यानंतर हा आजार जवळपास तीन दशके विस्मरणात गेला आणि 2005-06 मध्ये देशभर परतला. जुलै 2021 मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात राज्यातला पहिला झिकाचा रुग्ण सापडला. डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका या तिघांचा वाहक एकच. एक पिंप घासले की तिन्ही आजारांची वाट अडते.

घरातल्या न दिसणाऱ्या जागा

बादली आणि कुंडी सगळ्यांना ठाऊक असतात. चुकतात त्या रोजच्या नजरेआडच्या जागा. फ्रीजच्या मागे खालच्या बाजूला असलेला पाणी साचण्याचा ट्रे, वापरात नसलेला कूलर, एसीच्या पाण्याखाली ठेवलेला डबा, मनी प्लांटची बाटली, बांबूच्या शोभेच्या रोपाचे काचेचे भांडे, पाहुण्यांच्या खोलीतले न वापरलेले कमोड. उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी खिडकीत ठेवलेले पसरट भांडे पुण्याचे काम करते, पण ते रोज घासून नवे पाणी भरले तरच. मनी प्लांटचे पाणी आठवड्याला बदलताना बाटली आतून घासावी आणि मुळेही पाण्याखाली धुवावीत. किंवा रोप सरळ मातीत लावावे.

इमारतीच्या पातळीवर यादी आणखी लांबते. गच्चीवरची पाण्याची टाकी झाकणाने घट्ट बंद हवी आणि तिच्या ओव्हरफ्लो पाइपला बारीक जाळी हवी. संडासाच्या व्हेंट पाइपलाही जाळी लागते. गच्चीवरचे भंगार, फुटक्या कुंड्या, रंगाचे रिकामे डबे, पावसासाठी अंथरलेल्या ताडपत्रीच्या घड्या, लिफ्टखालचा खड्डा, पाण्याच्या मीटरची चेंबरे, पालापाचोळ्याने तुंबलेली पन्हळ या सगळ्यांत पाणी साचते. आवारात नारळाच्या करवंट्या पडू देऊ नयेत. शेजारी बांधकाम चालू असेल तर तिथल्या पाण्याच्या टाक्या आणि स्लॅबवर मुरण्यासाठी साठवलेले पाणी हीदेखील मोठी ठिकाणे असतात.

सगळ्यांत अवघड प्रश्न कुलूपबंद फ्लॅटचा. मालक परदेशात किंवा दुसऱ्या गावी असतो, कर्मचाऱ्याला आत जाता येत नाही आणि गॅलरीतल्या कुंड्यांखाली पाणी साचत राहते. सोसायटीने अशा घरमालकाकडून परवानगी घेऊन महिन्यातून दोनदा तरी कोणाला आत पाठवण्याची सोय करायला हवी. गणपती-गौरीसाठी किंवा दिवाळीला आठवडाभर गावी निघणाऱ्या कुटुंबानेही जाण्यापूर्वी कुंड्यांखालच्या ताटल्या काढून ठेवाव्यात, बादल्या पालथ्या घालाव्यात आणि कमोडचे झाकण लावावे.

पाणी साठवावेच लागते तिथे

रोज नळाला पाणी येणाऱ्या घराला कोरडा दिवस सोपा आहे. मराठवाड्यातल्या अनेक शहरांत मात्र नळाला कित्येक दिवसांनी पाणी येते. तिथे पिंपे, हंडे आणि हौद भरून ठेवणे ही गरज असते. ‘पाणी साठवू नका’ हा सल्ला अशा घराला देणे व्यर्थ आहे. मुंबई-पुण्याच्या वस्त्यांमध्येही अनेकांची स्थिती अशीच असते.

तिथे उपाय वेगळे. साठा दोन-तीन पिंपांत विभागून ठेवावा आणि एक पूर्ण रिकामे होईपर्यंत दुसऱ्याला हात लावू नये. रिकामे झालेले पिंप नवे पाणी भरण्यापूर्वी आतून घासावे. जे भांडे भरलेले राहणार त्यावर स्वच्छ, घट्ट विणीचे कापड ताणून दोरीने किंवा इलॅस्टिकने बांधावे. कापड मधे लोंबून पाण्याला टेकता कामा नये. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडता येतात. आरोग्य विभागाकडून टेमिफॉस हे अळीनाशक टाकले जाते. ते ठरलेल्या प्रमाणातच टाकायचे असल्याने स्वतः अंदाजे वापरू नये. भांडी उपसायला आलेल्या आशा सेविकेला किंवा कर्मचाऱ्याला ‘कालच भरलंय, ओतू नका’ असे सांगावे लागते, ही पाणीपुरवठ्याची अडचण आहे. अनियमित पाणी आणि डेंग्यू यांचा संबंध महापालिकेने स्वतःच्या हिशेबातही धरायला हवा.

ताप आलाच तर

डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकदा झालेला डेंग्यू त्या एका प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण देतो. दुसऱ्या प्रकाराची लागण झाल्यास आजार गंभीर होण्याचा धोका उलट वाढतो. त्यामुळे ‘आम्हाला होऊन गेला’ हा निर्धास्त राहण्याचा आधार नाही.

तापासाठी पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत घ्यावे. अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके टाळावीत, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरला म्हणजे आजार सरला असे समजू नये. धोक्याचा काळ अनेकदा ताप उतरतानाच, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान सुरू होतो. पोटात तीव्र दुखणे, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, अस्वस्थता किंवा गुंगी, लघवी कमी होणे यांपैकी काहीही दिसले तर तातडीने रुग्णालय गाठावे. घरोघरी सगळे लक्ष प्लेटलेटच्या आकड्यावर असते. पण गंभीर डेंग्यूत रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपून रक्तदाब घसरणे हा मोठा धोका असतो, आणि योग्य वेळी, योग्य प्रमाणात द्रव देणे हाच उपचाराचा गाभा आहे. पपईच्या पानांच्या रसावर भिस्त ठेवून डॉक्टरांकडे जाणे लांबवू नये.

रुग्णासाठी मच्छरदाणी हवी आणि ती दिवसाही. तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत रुग्णाच्या रक्तात विषाणू भरपूर असतो. त्या काळात चावलेली मादी साधारण आठ ते बारा दिवसांनी इतरांना लागण देऊ लागते आणि पुढे मरेपर्यंत देत राहते. रुग्ण दिवसा मच्छरदाणीत झोपला तर ही साखळी त्याच खोलीत तुटू शकते. घरच्यांइतकाच त्याचा उपयोग वरच्या आणि खालच्या मजल्यावरच्या लोकांना होतो.

एका घराने कितीही काळजी घेतली तरी शेजारच्या गॅलरीतला डास भिंत पाहून थांबत नाही. म्हणून पावसाळ्यात सोसायटीने आठवड्याचा एक वार ठरवावा. प्रत्येक मजल्यावरच्या एकाने आपापली गॅलरी, दोघा-तिघांनी गच्ची आणि वॉचमनने तळमजल्याची चेंबरे तपासायची, एवढ्या वाटणीने अर्ध्या तासात काम होते. पावसाळा संपल्यावरही गच्चीवरच्या कोरड्या टायर-डब्यांकडे एकदा वळून पाहायला हवे. जे लागत नाही ते भंगारात द्यावे आणि जे ठेवायचे ते आतून घासून, पालथे करून झाकून ठेवावे. पुढच्या जूनची अंडी तिथेच चिकटलेली असतात.