डब्यावरची अक्षरं
खोडदच्या जीएमआरटीत विज्ञान दिनाला प्रदर्शन भरतं, तेव्हा उपकरणाशेजारी ते करणारा उभा असतो. पण मढसारख्या गावात, घरी बनवलेल्या पंपाच्या डब्यापुढे अंधारात एकटी आजी असेल तर? बटण चुकलं, मोटर कोरडी चालली, तर जळू शकते. म्हणून अक्षरं हवीत, तीही मराठीत.

आपण पॅनेलचं चित्र संगणकावर खऱ्या मापात काढू, १०० टक्के आकारात छापू. वायरिंगआधी एक प्रत डब्यावर चिकटवून तिच्यावरूनच भोकं पाडू. दुसरी लेझर प्रिंटरवर काढू. इंकजेटची शाई पावसाळी दमटपणात पसरते. ती लॅमिनेट करून डबल साईड टेपने लावू, भोकं कटरने कापू. कापलेल्या कडा नटाखाली झाकतात. ‘चालू’, ‘बंद’ सगळ्यांत मोठं. बरोबर ना?