पानावरचा तांबूस रंग

खिदिरपूरच्या गोदीकडून हुगळीच्या पलीकडील तीरावर, प्रवाहाच्या खालच्या अंगाला शिबपूरचे वनस्पती उद्यान आहे. कर्नल रॉबर्ट किड यांनी १७८७ मध्ये ते स्थापिले. १७९३ पासून तेथे अधीक्षक असलेल्या विल्यम रॉक्सबर्ग यांनी भारतीय चित्रकारांकडून वनस्पतींची अडीच हजारांवर जलरंगचित्रे करवून घेतली. वाळविलेल्या नमुन्यात फुलाचा रंग उडतो. चित्रात तो टिकतो. पुण्याजवळील दापोडीच्या उद्यानातही अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात अशी चित्रे काढवून घेतली. ती एडिंबरो येथे जपलेली आहेत. चित्रकाराचे नाव मात्र कोणी नोंदविले नाही.

शिबपूरचा रंगाशी आणखी एक संबंध आहे. चित्रकारांचा किरमिजी रंग निवडुंगावरील कोचिनिअल या पिठ्यासारख्या दिसणाऱ्या किडीपासून मिळतो. १७९५ मध्ये ही कीड ब्राझीलहून कोलकात्यास आणली गेली. हवी होती ती उत्तम रंगाची जात. आली ती दुसरीच, कमी प्रतीच्या रंगाची. रंगाचा व्यापार फसला, परंतु तिने फड्या निवडुंगाचा मात्र फडशा पाडला. कीटकाकरवी तणनियंत्रणाचे आद्य उदाहरण म्हणून ही घटना सांगितली जाते. ओळखीतील चूक दर वेळी इतकी फलदायी ठरत नाही.

कपाशीचेच पाहा. तुडतुड्यांच्या प्रादुर्भावात पानाच्या कडा प्रथम पिवळ्या, नंतर तांबूस होतात व खाली मुरडतात. मॅग्नेशियमच्या कमतरतेत खालच्या जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग लाल होतो. दोन्हींना शिवारात ‘लाल्या’च म्हणतात, आणि पोषणाच्या दोषावर कीटकनाशकाची फवारणी होते. मोबाईलचे छायाचित्र उन्हात एक रंग दाखविते, सावलीत दुसरा. कुंचला हाती घेणाऱ्यास मात्र तांबडेपणा कडेपासून सुरू झाला की शिरांमधून, हे ठरविल्यावाचून पुढे जाताच येत नाही.

आरंभ स्वयंपाकघरातील वांग्यापासून करावा. जाड कागद, एक टोकदार कुंचला आणि पिवळा, तांबडा, निळा एवढे तीन रंग पुरेत. जलरंगात फिकटाकडून गडदाकडे जावयाचे असते. वांग्यावरील चकाकी म्हणजे न रंगविलेला कोरा कागद. पहिला थर वाळण्याआधी दुसरा दिल्यास रंग पसरतो, ही नवशिक्याची नेहमीची चूक. (घाई फवारणीतही होते, ते असो.) वांगे जमले की किडके वांगे घ्यावे : फळ पोखरणाऱ्या अळीचे छिद्र, त्यात साचलेली विष्ठा. त्यानंतर कपाशीचे पान, परंतु न तोडता, झाडावरच. शेजारी तारीख, झाडावरील पानाची जागा आणि पानाखाली दिसलेल्या तुडतुड्यांची संख्या लिहावी. आठवड्याने तेच पान पुन्हा रंगवावे.