पिकअपचं स्टिअरिंग थरथरतंय? पार्ट बदलण्याआधी ही तपासणी करा

गावातल्या रस्त्याला काही जाणवत नाही. पण डांबरी लागली आणि काटा साठच्या पुढे गेला की स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं. दहा-बारा वर्षं माल वाहिलेल्या पिकअपची ही नेहमीची तक्रार आहे. मग कुणी म्हणतं शॉकअप गेले, कुणी म्हणतं अलाइनमेंट करून घे. एकेक पार्ट बदलत हजारो रुपये जातात, थरथर मात्र तिथंच राहते. म्हणून आधी दोष कुठं आहे ते शोधायचं, पार्ट नंतर बदलायचा.

थरथर कधी होते?

गॅरेजला जाण्याआधी दोन दिवस गाडीकडे नीट लक्ष द्या. निम्मं निदान यातच होतं.

- ठरावीक वेगाला, साधारण ६० ते ८० च्या दरम्यान थरथर आली आणि वेग बदलला की कमी झाली, तर संशय चाकाच्या बॅलन्सिंगवर.
- फक्त ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग हललं आणि पायाखाली पेडलही धडधडलं, तर पुढची ब्रेक डिस्क बघा.
- वेगाबरोबर घुंऽऽ असा आवाज वाढत गेला आणि वळणावर तो कमी-जास्त झाला, तर व्हील बेअरिंग.
- खड्ड्यात चाक आपटल्यावर स्टिअरिंग डावी-उजवीकडे जोरात हलायला लागलं, तर रॉड एंड, बॉल जॉइंट किंवा किंग पिन झिजलेली असू शकते.
- गाडी उभी असतानाही इंजिनाबरोबर सगळी बॉडी हलते, तर इंजिन माउंटिंगचे रबर बघा.
- स्टिअरिंग शांत पण सीट हलते, तर दोष बहुतेक मागच्या चाकात किंवा प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसमध्ये.

बिनखर्चाची कामं आधी

शेतात गाडी घातली की रिमच्या आतल्या बाजूला चिखल बसतो आणि वाळून दगडासारखा होतो. एवढ्यानंही चाकाचा तोल बिघडतो. त्यामुळे सगळ्यात आधी चाकं आतून धुवा. अनेकदा थरथर इथंच थांबते.

मग टायरवरून हात फिरवा. कुठं फुगा आलाय, कुठं चढ-उतार लागतो, एका कडेची झीज जास्त आहे का, ते बघा. फुगा असलेल्या टायरवर माल भरू नका, तो कधीही फुटू शकतो. जुना टायर विकत घेताना बाजूवर छापलेले शेवटचे चार आकडे वाचा. ३२१९ असेल तर तो २०१९ सालच्या ३२ व्या आठवड्यात तयार झालेला आहे. नक्षी चांगली दिसली तरी जुनं रबर कडक होऊन चिरतं.

पंक्चर काढल्यानंतर थरथर सुरू झाली असेल तर गाडी पुढे नेऊ नका. आधी नट तपासा. नट समोरासमोरचे आवळत जायचे, ओळीनं नाही. चाक काढून बसवल्यावर ५०-१०० किलोमीटरनंतर परत एकदा पाना लावायचा.

चारही टायर एकाच मापाचे असतील तर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावून बघा. स्टिअरिंग शांत झालं आणि सीट हलायला लागली, तर दोष चाकातच आहे. बॅलन्सिंग करा, रिम वाकलीय का ते बघा. काहीच फरक पडला नाही, तर पुढचे सांधे तपासायला घ्या.

जॅकवरची तपासणी

जागा सपाट आणि कडक हवी. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही.

चाक उचलल्यावर वर-खाली धरून हलवा. प्ले लागला तर बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा किंग पिन. यातलं नेमकं काय ते ओळखायला दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग सैल आहे. तरी राहिला तर बॉल जॉइंट किंवा किंग पिन. मग चाक डावी-उजवीकडे धरून हलवा. फक्त इथंच प्ले लागला तर स्टिअरिंगचे रॉड एंड किंवा स्टिअरिंग बॉक्स बघायचा. शेवटी चाक हातानं फिरवा. घरघर आली तर बेअरिंग खराब झालंय.

अलाइनमेंटनं थरथर जात नाही

इथं बरेच जण फसतात. अलाइनमेंट बिघडली की गाडी एका बाजूला ओढते आणि टायर एका कडेनं झिजतो. थरथरीचा इलाज बॅलन्सिंग आहे. दोन्ही कामं वेगळी. आणि सांधे सैल असताना अलाइनमेंट केली तर ती टिकत नाही, पैसे पाण्यात. म्हणून आधी सैल पार्ट बदलायचे, मग अलाइनमेंट.

शॉकअप खराब असले तर खड्ड्यानंतर गाडी उड्या मारत राहते. त्यानं थरथर वाढते, पण मूळ कारण बहुतेक वेळा दुसरंच असतं.

कधी थांबायचं?

बॅलन्सिंग आठवडाभर लांबलं तर टायर झिजेल, एवढंच. पण बॉल जॉइंट, रॉड एंड किंवा बेअरिंगमध्ये प्ले लागला तर त्या गाडीत माल भरायचा नाही, माणसं तर अजिबात बसवायची नाहीत. बॉल जॉइंट निसटला की चाक जागेवर आडवं होतं, रॉड एंड निसटला की स्टिअरिंग फिरवून चाक वळत नाही. घाटात असं झालं तर ड्रायव्हरच्या हातात काही राहत नाही.

एका फेरीचं भाडं बुडेल, बाजार एक दिवस चुकेल. तेवढं चालतं. ग्रीसचे निपल असलेल्या गाडीला वेळेवर ग्रीस मारलं, तर ही वेळही उशिरा येते.